१८२३ पूर्वीचा दाखला

गेल्या पावसाळ्यात पुतण्याच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी जात पडताळणीचे प्रमाणपत्र काढायचे होते. इतर मागासवर्गीयांना त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, हे आता महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. आजोबांच्या शाळेचे जनरल रजिस्टर वाळवीने खाल्लेले निघाले, पणजोबा शाळेची पायरी चढलेच नव्हते, आणि मग आमची सारी भिस्त तालुक्याच्या अभिलेख कक्षातल्या कोतवाल बुकावर, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीवर, येऊन ठेपली. लाल फडक्यात बांधलेला तो गठ्ठा सोडला तेव्हा आतून पिवळट धुळीचा लोट उठला. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी आम्ही बरोबर नेले होते. ते भिंग धरून पानामागून पान उलटत राहिले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. पणजोबांचे नाव, गाव, जात, आणि पुढे नुसतेच 'मुलगा'. त्या मुलाचे, म्हणजे माझ्या आजोबांचे, बारसे ती नोंद झाली तेव्हा अजून व्हायचे होते. एवढ्या एका ओळीसाठी भावाने त्याआधी सात खेपा घातल्या होत्या आणि दर खेपेला त्याला निराळ्या खिडकीकडे धाडण्यात आले होते. तरी ओळ सापडली, कारण ती लिहून ठेवणारा कोणीतरी होता आणि नंतरच्या शंभर वर्षांत तो गठ्ठा जाळून टाकावा असे कोणाला वाटले नव्हते.

त्या तीन दिवसांत बाकावर बसल्या बसल्या मी ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, १९८२ चा नागरिकत्व कायदा वाचत होते. तिथल्या रोहिंग्या मुसलमानांविषयी काही लिहावे असे बरेच दिवस मनात होते आणि दर वेळी जळणाऱ्या गावांच्या चित्रांपाशी येऊन लेखणी अडत होती. हा कायदा वाचल्यावर ती सुटली. आमच्या कागदाची सीमारेषा १९६७ ची. त्यांच्या कागदाची १८२३ ची. कायद्याचे तिसरे कलम सांगते की काचिन, काया, करेन, चिन, बर्मन, मोन, राखाइन, शान आणि १८२३ पूर्वीपासून या भूमीत कायमची वस्ती करून असलेल्या अन्य जमाती या ब्रह्मदेशाच्या नागरिक होत. त्याच्या लगेच खालचे कलम सांगते की कोणती जमात राष्ट्रीय आणि कोणती नाही, हे शासनाची सर्वोच्च परिषद ठरवील. म्हणजे पुरावा तुम्ही द्यायचा आणि तो पुरावा आहे की नाही हे त्यांनी ठरवायचे. पुढे राष्ट्रीय जमातींची यादी जाहीर झाली, तिच्यात १३५ नावे आली, आणि रोहिंग्या हे नाव त्यांत नव्हते.

आमच्या हेलपाट्यांची तुलना त्यांच्या हालांशी करणे शोभणारे नाही. आम्ही हरलो असतो तर राखीव कोट्यातली एक जागा हातची गेली असती. ते हरले आणि त्यांचा देश गेला. पण कागदासाठी खिडकीसमोर उभे राहिलेल्या माणसाच्या पोटात जो गोळा येतो तो मला त्या बाकावर ओळखीचा वाटला, आणि रोहिंग्यांची कहाणी आगीपासून न सांगता कारकुनापासून सांगायला हवी, असे माझ्या मनाने तिथेच घेतले.

१८२३ हेच वर्ष का, याचे उत्तर सोपे आहे. १८२४ मध्ये पहिले इंग्रज-ब्रह्मी युद्ध सुरू झाले आणि १८२६ च्या यांदाबोच्या तहाने आराकानचा, म्हणजे आजच्या राखाइन प्रांताचा, किनारा कंपनीच्या ताब्यात गेला. त्यानंतर आलेला तो उपरा, असा हिशेब. आता या हिशेबाला छेद देणारी एक नोंद अशी की फ्रान्सिस बुकॅनन या डॉक्टरने १७९९ मध्ये ब्रह्मदेशातल्या भाषांविषयी लिहिताना आराकानात फार पूर्वीपासून राहणाऱ्या आणि स्वतःला 'रूइंगा' म्हणवणाऱ्या मुसलमानांचा उल्लेख केला आहे. सीमारेषेच्या चोवीस वर्षे आधीचा हा छापील कागद! त्याच्याही मागे गेलो तर आराकानच्या जुन्या म्रौक-ऊ राज्यात बौद्ध राजे मुसलमानी पदव्या मिरवीत आणि आपल्या नाण्यांवर फारसी अक्षरे पाडीत.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा आपल्याला शाळेच्या सहलीमुळे माहीत असतो. ज्या कोनबाँग घराण्याचा थिबा हा शेवटचा राजा, त्याच घराण्यातल्या बोदौपयाने १७८४-८५ च्या सुमारास आराकान जिंकले आणि तिथली महामुनी बुद्धाची मूर्ती डोंगर ओलांडून आपल्या राजधानीला नेली. त्या स्वारीनंतर हजारो आराकानी माणसे नाफ नदी उतरून चितगावच्या मुलखात पळाली. त्यांचे पुनर्वसन करण्यासाठी कंपनीने हायरम कॉक्स नावाचा कॅप्टन नेमला आणि त्याच्या नावाने जो बाजार वसला तो कॉक्स बाजार. आज जगातली सर्वांत मोठी निर्वासितांची छावणी ज्या जिल्ह्यात आहे त्याचे नावच निर्वासितांमुळे पडलेले आहे. थिबाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. त्याची एक नात मात्र रत्नागिरीतच राहिली, मराठी संसारात मुरली आणि मराठी बोलत म्हातारी झाली. ती कोणत्या सालापूर्वीची, असे तिला तिथे कोणी विचारले नाही.

दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. इंग्रजी अमदानीत चितगावकडचे शेतमजूर भाताच्या कामासाठी मोठ्या संख्येने आराकानात आले, हे खरेच आहे. पण १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. साताऱ्याचा माणूस गिरणीत काम करायला मुंबईला जावा तसे ते येणे होते. १९४२ मध्ये जपानी फौजा आल्या तेव्हा राखाइन बौद्ध आणि मुसलमान यांनी एकमेकांची गावेच्या गावे कापून काढली, आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर काही मुसलमानांनी बंडही पुकारले. हे सारे होऊनही स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले पंतप्रधान ऊ नू यांच्या काळात रोहिंग्या हा शब्द सरकारदरबारी उच्चारला जात होता. १९६० च्या दशकाच्या आरंभी रंगूनच्या सरकारी नभोवाणीवर त्यांच्या भाषेत कार्यक्रम होत होते. ज्या सरकारने त्यांच्यासाठी रेडिओ लावला त्याच देशाच्या सरकारने वीस वर्षांनी त्यांना 'तुम्ही कोण?' असे विचारले. मधल्या काळात, १९६२ मध्ये, जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली होती.

कारकुनी तिथून सुरू होते. १९७८ मध्ये 'नागमिन' म्हणजे नागराज या नावाची मोहीम निघाली. ती परकी माणसे हुडकण्यासाठी असल्याचे सांगण्यात आले आणि काही महिन्यांत दोन लाखांहून अधिक रोहिंग्या नाफपलीकडे गेले. त्यांतले बहुतेक परत पाठवले गेले, आणि मग १९८२ चा कायदा आला. १९८९ पासून जुनी राष्ट्रीय नोंदणीपत्रे घेऊन नागरिकत्वाची नवी गुलाबी कार्डे देण्याचे काम सुरू झाले. रोहिंग्यांनी रांगेत उभे राहून जुनी कार्डे दिली, पण बहुतेकांच्या हाती गुलाबी कार्ड आलेच नाही. १९९१-९२ मध्ये आणखी अडीच लाख माणसे पळाली. १९९५ पासून तात्पुरते पांढरे कार्ड मिळू लागले, जे नागरिकत्वाचा पुरावा मानले जात नसे. पण त्याच पांढऱ्या कार्डावर २०१० मध्ये त्यांची मते मात्र घेतली गेली. २०१५ मध्ये पांढरे कार्डही रद्द झाले आणि ते जमा केल्याची पावती हातात पडली. आजोबांकडे कार्ड, बापाकडे तात्पुरते कार्ड, आणि मुलाकडे कार्ड होते याची पावती.

श्वे माउंग यांची गोष्ट मला या सगळ्याचा अर्क वाटते. पोलीस अधिकाऱ्याचा हा मुलगा २०१० मध्ये उत्तर राखाइनमधल्या बुथिडाँगमधून लष्कराच्याच पाठिंब्यावरील पक्षातर्फे संसदेत निवडून गेला आणि पाच वर्षे तिथे बसला. २०१५ मध्ये तो पुन्हा उमेदवारी अर्ज भरायला गेला तेव्हा त्याला सांगण्यात आले की तुमच्या जन्माच्या वेळी तुमचे आईवडील नागरिक नव्हते. बाप सरकारी पोलिसात आणि तरी नागरिक नाही!

उत्तर राखाइनमध्ये लग्नाला परवानगी लागे, दुसऱ्या गावी मुक्कामाला जायचे तर परवानगी लागे, आणि मुले दोनच अशी सक्ती होती. वर्षातून एकदा अधिकारी गावात येत. घरातल्या सगळ्यांना दारासमोर ओळीने उभे करून फोटो काढत आणि कुटुंबाच्या यादीशी डोकी ताडून पाहत. त्या वेळी जो घरी नसेल, मजुरीला गेला असेल, शेजारच्या तालुक्यात औषधपाण्याला गेला असेल, त्याच्या नावावर रेघ ओढली जाण्याची भीती असे. परवानगीवाचून लागलेल्या लग्नाचे मूल यादीत चढतच नसे. फोटोतली ती कुटुंबे मी पाहिली आहेत: मागे ताट्यांची भिंत, पुढे अवघडून उभी असलेली पोरे, हातात धरलेली पाटी. आपल्याकडे असा फोटो लग्नात काढतात.

छळाला रोहिंग्या भाषेत जो शब्द आहे तो आहे 'जुलूम', आपला तोच शब्द. या माणसांच्या भाषेतला एवढा एक शब्द तरी आपल्याला दुभाष्यावाचून कळतो, आणि तो हा असावा.

आणि नाव. २०१४ मध्ये म्यानमारमध्ये तीस वर्षांनी जनगणना झाली. प्रगणक दारात येऊन जमात विचारी, आणि घरमालकाने 'रोहिंग्या' म्हटले की वही मिटून पुढच्या दाराला जाई. 'बंगाली' म्हटले असते तर नोंद झाली असती. अशा रीतीने राखाइनमधली सुमारे १०,९०,००० माणसे मोजलीच गेली नाहीत. सरकारला 'बंगाली' शब्द हवा होता, कारण त्या एका शब्दात 'परत जा' हे वाक्य दडलेले आहे. नदीच्या पलीकडे बांगलादेशाने त्यांचे सरकारी नाव ठेवले 'बळजबरीने विस्थापित झालेले म्यानमारचे नागरिक'. एका काठावर बंगाली, दुसऱ्या काठावर म्यानमारचे, आणि स्वतः जे म्हणवतात ते दोन्ही काठांवर नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात छावणीत नवी ओळखपत्रे वाटली जात असताना त्यांवर रोहिंग्या हा शब्द नाही म्हणून निर्वासितांनी दुकाने बंद ठेवून संप केला. ज्यांच्या चुलीवरचा तांदूळ दुसऱ्याच्या दानाचा, त्यांनी नावासाठी संप करावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

हा शब्द टाळण्यात मोठमोठी माणसे सामील झाली. राखाइनच्या प्रश्नावर नेमलेल्या कोफी अन्नान यांच्या आयोगाने म्यानमारच्या तेव्हाच्या नेत्या आँग सान सू ची यांच्या विनंतीवरून आपल्या अहवालात तो वापरला नाही. पोप फ्रान्सिस २०१७ च्या नोव्हेंबरात म्यानमारमध्ये होते तेव्हा त्यांनी तो उच्चारला नाही. ढाक्याला पोचून निर्वासितांसमोर उभे राहिल्यावर उच्चारला. आपल्याकडच्या राजकीय भाषणांत आणि वाहिन्यांवर तो सर्रास ऐकू येतो, पण 'बांगलादेशी' या शब्दाला जोडून, जोडशिवीसारखा. म्यानमारच्या लष्कराला जे सिद्ध करायचे होते तेच आपण त्या जोडशब्दातून विनामोबदला म्हणत असतो, हे बोलणाऱ्याच्या ध्यानीही नसते.

२५ ऑगस्ट २०१७ रोजी आर्सा या रोहिंग्या सशस्त्र गटाने सुमारे तीस पोलीस ठाण्यांवर हल्ले केले. त्याच दिवशी खा माउंग सेइक भागात हिंदू गावकऱ्यांचे हत्याकांड झाले आणि ते आर्सानेच केले, असे अ‍ॅम्नेस्टीच्या तपासात निघाले. रोहिंग्यांची बाजू मांडणाऱ्यांनी हे आधी सांगावे, कोणी विचारण्याची वाट पाहू नये. त्यानंतर लष्कराने जे केले त्यात किमान ३९२ गावे पूर्ण किंवा अंशतः नष्ट झाली आणि सात लाखांहून अधिक माणसे सीमा ओलांडून गेली. पहिल्या महिन्यातच किमान ६,७०० माणसे हिंसाचारात मारली गेली, असा 'सीमेविना डॉक्टर' या संस्थेचा अंदाज आहे. त्यांत पाच वर्षांखालची ७३० मुले होती.

राखाइनमधल्या इन दिन गावाचे एक छायाचित्र आहे. दहा पुरुष ओळीने गुडघ्यांवर बसलेले, हात मागे बांधलेले, पाठीमागे शस्त्रधारी. त्यांत कोळी होते, दुकानदार होते, शाळकरी पोरे होती. २ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी त्यांना एकाच खड्ड्यात पुरण्यात आले. हे छायाचित्र बातमीदारांच्या हाती दिले ते गावातल्याच एका बौद्ध वडीलधाऱ्याने, आणि हा तपशील मला छायाचित्राइतकाच मोलाचा वाटतो. बातमी खणून काढणारे वा लोन आणि क्याव सो ऊ हे रॉयटर्सचे दोन तरुण बातमीदार रोहिंग्या नव्हते, मुसलमानही नव्हते. १२ डिसेंबर २०१७ च्या रात्री पोलिसांनी त्यांना जेवायला बोलावले, हातात कागदांची गुंडाळी दिली, आणि ते बाहेर पडताच गोपनीय कागद बाळगल्याबद्दल त्यांना पकडले. हा कायदा १९२३ चा, इंग्रजांनी मागे ठेवलेला. हा सापळा होता अशी साक्ष एका पोलीस कॅप्टनने कोर्टात दिली, तरी त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि पाचशेहून अधिक दिवस ते तुरुंगात राहिले. त्या दहा जणांना मारणाऱ्या सात सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा झाली होती. ते वर्षही पुरे न होता सुटले.

कागदाने जे हिरावले ते कागदावर परत मांडण्याचा हट्ट एका माणसाने धरला. मोहिबुल्ला हे माउंगडॉकडचे शिक्षक, छावणीत सगळे त्यांना मास्टर म्हणत. २०१७ मध्ये नदी उतरून आल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी झोपडी-झोपडीत जाऊन मेलेल्यांची नावे लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि यादी दहा हजारांच्या वर गेली. ज्यांना प्रगणकाने मोजले नाही त्यांना मेल्यावर त्यांच्याच माणसांनी मोजले. २०१९ मध्ये ते जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेपुढे बोलले. २९ सप्टेंबर २०२१ च्या रात्री कॉक्स बाजारच्या कुतुपालोंग छावणीत त्यांच्या कार्यालयाशी बंदूकधाऱ्यांनी त्यांना ठार केले. संशय आर्सावर गेला, म्हणजे त्यांच्याच लोकांवर.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात २०१९ मध्ये फिर्याद नेली ती गांबिया या पश्चिम आफ्रिकेतल्या चिमुकल्या देशाने. त्या डिसेंबरात सू ची स्वतः म्यानमारच्या वतीने उभ्या राहिल्या आणि साऱ्या भाषणात रोहिंग्या हा शब्द त्यांच्या तोंडी आला तो फक्त आर्साचे पूर्ण नाव घेताना. २३ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने एकमताने अंतरिम आदेश दिला आणि त्यात या लोकांना त्यांच्या नावाने संबोधले. वर्षभरानंतर, १ फेब्रुवारी २०२१ ला, त्याच लष्कराने सू चींना कैदेत टाकले.

छावण्यांत आज दहा लाखांहून अधिक माणसे आहेत. बांबू आणि ताडपत्रीची घरे, टेकड्यांवर गर्दीने चिकटलेली. वस्तीच्या मुकादमाला तिथे 'माझी' म्हणतात, आणि ज्यांचे स्वतःचे म्हणावे असे काही उरले नाही त्यांच्या तोंडी हा शब्द ऐकताना मराठी कान उगाच दचकतो. मुलांना बांगलादेशी शाळेत जाता येत नाही, मोठ्यांना रीतसर नोकरी धरता येत नाही. २०२३ मध्ये दरमाणशी महिन्याचे रेशन १२ डॉलरवरून आधी १० आणि मग ८ डॉलरवर आणण्यात आले होते. इकडे राखाइनमध्ये २०२४ पासून लष्कर आणि आराकान आर्मी ही राखाइनांची सशस्त्र संघटना यांच्या लढाईत रोहिंग्या पुन्हा दोन्हीकडून भरडले गेले. ज्या लष्कराने त्यांना नागरिक मानले नाही त्यानेच त्यांची तरुण पोरे सक्तीने भरती केली. त्या वर्षाच्या ५ ऑगस्टला नाफच्या काठावर होडीची वाट पाहत थांबलेल्या गर्दीवर ड्रोनमधून बाँब पडले. भारतातही जम्मू, हैदराबाद, दिल्ली इथे त्यांच्या वस्त्या आहेत. १९५१ च्या निर्वासित करारावर आपण सही केलेली नाही, त्यामुळे संयुक्त राष्ट्रांचे कार्ड खिशात असूनही कायद्याच्या लेखी ते घुसखोरच ठरतात.

२०१७ च्या ऑगस्टात, भर पावसात, नाफ ओलांडून आलेल्यांनी घरातून काय आणले होते? अनेकांनी सोलर पॅनेल आणले, कोणी कोंबडी आणली, कोणी आईला बांबूला बांधलेल्या झोळीतून आणले. आणि पुष्कळांच्या छातीशी एक प्लास्टिकची पिशवी होती, दोन-दोन गाठी मारलेली. आत आजोबांचे जुने नोंदणीपत्र, शेतसाऱ्याच्या पावत्या, कुटुंबाची यादी, पांढऱ्या कार्डाची पावती. २२ मार्च २०२१ ला कुतुपालोंगच्या बालूखाली भागात आग लागली, सुमारे ४५,००० माणसे पुन्हा उघड्यावर आली, आणि नदीतून कोरड्या आणलेल्या त्या पिशव्यांपैकी किती तरी त्या दुपारी गेल्या.

पुतण्याचे प्रमाणपत्र प्रवेशाची मुदत संपायच्या दोन दिवस आधी मिळाले. कोतवाल बुकातल्या त्या ओळीची साक्षांकित नक्कल भावाने तीन झेरॉक्स काढून फायलीत लावली आणि मूळ नक्कल माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवायला निघाला. घर गळत नाही आमचे. तरी मी त्याला म्हटले, आधी पिशवीत घाल, आणि दोन गाठी मार.